पुसल्याशिवाय हात लावू नये

मी एक जुनी, पोकळ, काचेची नळी आहे आणि मला राग आलेला आहे. आत्मवृत्त सांगणाऱ्याने गोड बोलावे, आपल्या जन्माचे कौतुक करावे आणि शेवटी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणावे, असा रिवाज आहे. तो मला ठाऊक आहे. माझ्याच कपाटात एक जुना तराजू राहतो, तो अगदी तसेच सांगतो. पण मित्रांनो, माझ्या बाबतीत काय घडले ते आधी ऐका आणि मग तुम्हीच सांगा, गोड कसे बोलायचे?

सुरुवात 'पोकळ' या शब्दापासूनच करू. तुमच्या भाषेत पोकळ धमक्या असतात, पोकळ गप्पा असतात, पोकळ बडेजाव असतो. पोकळ म्हटले की नाक मुरडायचे, एवढेच तुम्हाला शिकवलेले. बासरीही पोकळच असते, हे कोणी ध्यानात घेत नाही. मी दोन-तीन केस एकत्र धरावेत एवढी जाड आहे. माझ्या पोटात, भिंतीला चिकटून, आणखी बारीक नळ्या गोल करून उभ्या आहेत. त्या एकमेकींना शिवत नाहीत. आणि त्यांच्या मधोमध काहीही नाही. हे 'काहीही नाही' अखंड, सरळ आणि स्वच्छ ठेवणे किती कठीण असते, ते मला रिकामी म्हणणाऱ्यांनी एकदा करून बघावे.

तुमच्या घरी इंटरनेट आणणाऱ्या माझ्या चुलत बहिणी, ज्यांना तुम्ही फायबर म्हणता, त्या भरीव असतात. प्रकाश त्यांच्या काचेतूनच धावतो आणि सारे जग त्यांचे गोडवे गाते. गाऊ दे. पण काही प्रकाश असा असतो की तो काचेला पचत नाही. लाल रंगाच्या पलीकडे, डोळ्यांना न दिसणारा जो प्रकाश असतो, त्याला अवरक्त म्हणतात. त्यातला फार पलीकडचा प्रकाश काचेत शिरला, की काच त्याला गिळून टाकते आणि वर ढेकरही देत नाही. माझ्या पोकळीतून मात्र तो सुखरूप जातो, कारण तो काचेला जवळजवळ शिवतच नाही. पातळ भिंती त्याला आत वळवत राहतात आणि तो मधून चालत राहतो. मला ज्यावरून हिणवतात, त्याच्याच जिवावर हे सगळे चालते.

माझा जन्म एका लोखंडी मनोऱ्यावर झाला. आमच्या इमारतीत मजल्यांना भोके पाडून तो तळापासून छतापर्यंत उभा केलेला आहे. वरच्या टोकाला काचेची जाड कांडी बसवतात. कांडीच्या आत बारीक नळ्या आधीच रचलेल्या असतात. खाली भट्टी असते. काच मऊ झाली की तिचा एक थेंब सुटतो, आपल्यामागे धागा ओढत खाली येतो, आणि तळाशी तो धागा एका ढोलावर गुंडाळला जातो. ऐकायला सोपे वाटते. पण धागा ओढला जात असताना आतल्या बारीक नळ्यांत दाबाने हवा सोडत राहावे लागते. दाब कमी पडला तर नळ्या मिटून जातात. जास्त झाला तर फुगून एकमेकींना चिकटतात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

तो दाब सांभाळणाऱ्या बाईंना सगळे काचताई म्हणत. मला ओढण्यापूर्वी त्यांनी किती कांड्या वाया घालवल्या, ते मी सांगणार नाही, कारण त्यांनाही ते आवडणार नाही. मी मात्र एका दमात ओढली गेले. माझे टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर काचताईंना सगळ्या नळ्या आपापल्या जागी दिसल्या, तेव्हा त्यांनी पहिला फोन आपल्या आईला केला. हातात मोजे होते, म्हणून फोन टेबलावर ठेवून त्या मोठ्याने बोलत होत्या.

"आई, जमलं गं!"

"काय जमलं?"

"नळी जमली. आतून मोकळी आहे, अगदी टोकापर्यंत."

"म्हणजे भोक पाडलंस," आई म्हणाली. "बरं झालं. जेवलीस का ते पुसायला मीच फोन करणार होते."

त्या घरात कोणी काही विचारत नाही, सगळे पुसतात. शेजारणीला पुसून ये, डॉक्टरांना पुसलंस का, तुला तिथं कुणी पुसतं तरी का गं. आईची ही बोली काचताईंच्या तोंडात आणि हातातही बसलेली होती. हे नीट लक्षात ठेवा, कारण माझ्या आयुष्याची वाट इथेच लागली.

मग मला दुसऱ्या खोलीत नेले. तिथे माझे एकेक टोक काचेची खिडकी असलेल्या एकेका धातूच्या डबीत बसवले गेले आणि माझ्या पोटात वायू भरला गेला. वायू भरणाऱ्या गृहस्थांना सगळे फुगेवाले दादा म्हणत, आणि त्यांनी ते नाव आनंदाने स्वीकारलेले होते. लोखंड जोडणारे वापरतात तोच ॲसिटिलीन वायू, पण अगदी किंचित, हवेपेक्षा कितीतरी विरळ. एका टोकाने दुसऱ्या लेझरचा प्रकाश आत सोडतात. वायूचे रेणू तो प्रकाश पितात आणि त्या बदल्यात स्वतःचा, अवरक्ताच्या आणखी पलीकडचा प्रकाश देतात. तोही कसा? शिस्तीत, एका दिशेने, एका रंगाचा. म्हणजे लेझर. बाहेर जमिनीखालच्या पाइपांतून गॅस गळत असला, तर हा प्रकाश त्याला हवेतून बरोबर हुडकून काढतो. न दिसणाऱ्या गॅसला न दिसणारा प्रकाश पकडतो, म्हणून फुगेवाले दादा मला अदृश्यांची पोलीस म्हणत. मला ते काही फारसे आवडत नसे.

पहिल्यांदा तो प्रकाश निघाला तेव्हा खोलीत काहीच दिसले नाही. मीटरचा आकडा तेवढा चढला, आणि समोर धरलेल्या, उष्णतेने रंग बदलणाऱ्या कागदावर एक ठिपका उमटला. त्या ठिपक्याकडे बघून काचताईंनी मोज्यांसकट टाळ्या वाजवल्या. मोठे साहेब खाली आले. त्यांनी माझे कौतुक केले, काचताईंचे केले, मनोऱ्याचे तर फारच केले. ते दिवस चांगले होते. मी उगाच नाही म्हणणार नाही.

कौतुक झाले की बघे येतात. येणारा प्रत्येकजण बोट पुढे करी. एकाने तर मी किती वाकते ते बघायला मला मुडपले. शेवटी वैतागून काचताईंनी एक चिठ्ठी लिहिली आणि माझ्या टोकाशेजारी चिकटवली. सुंदर, ठळक अक्षरांत लिहिले होते: 'पुसल्याशिवाय हात लावू नये.'

म्हणजे काय? आम्हाला विचारल्याशिवाय हात लावू नये. मला कळले, फुगेवाल्या दादांना कळले, भिंतीवरच्या पालीलासुद्धा कळले असेल.

आणि मग जावईबापू आले.

ते मोठ्या साहेबांचे जावई. नुकतेच आमच्याकडे रुजू झालेले. त्याआधी ते भरीव फायबरच्या कारखान्यात होते आणि तिथे त्यांचे चांगले नाव होते, हे मी प्रामाणिकपणे सांगते. त्या कारखान्यात पहिला धडा एकच असतो: टोक स्पिरिटने पुसल्याशिवाय कुठेही जोडायचे नाही. धुळीचा एक कण राहिला तरी प्रकाश अडतो. तिथे ज्याचा हात सारखा पुसत असतो तो गुणी कामगार. "जावई म्हणजे दहावा ग्रह," फुगेवाले दादा काचताईंच्या कानाशी लागले होते. "आता आपल्या राशीला आलाय, बघत राहा."

गळका गॅस शोधणाऱ्या कंपनीचे पाहुणे माझे काम बघायला यायचे होते. त्याच्या आदल्या दुपारी माझ्या एका टोकाची डबी उघडी होती. काचताई आणि दादा नवी टाकी आणायला खाली गोदामात गेले होते. जावईबापू आत आले. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"वा! म्हणजे इथेही शिस्त आहे म्हणायची," ते स्वतःशीच म्हणाले.

खिशातून मऊ कागद काढला. टेबलावरच्या बाटलीतले स्पिरिट त्यावर ओतले. आणि मित्रांनो, मोठ्या निगुतीने, अगदी मनापासून, त्यांनी माझे टोक पुसले!

भरीव बहिणीचे टोक पुसले तर स्पिरिट उडून जाते आणि ती चकाकते. पण मी पोकळ आहे ना! एखादी बारीक नळी पाण्यात उभी धरून बघा. पाणी आपोआप आत चढते. तसेच स्पिरिट माझ्या आत चढले. आधी बारीक नळ्यांत, मग मधल्या वाटेत. जी वाट मोकळी राहावी म्हणून काचताईंनी जिवाचे रान केले होते, त्या वाटेत चिखल झाला. मला ओरडता आले असते तर सगळे मजले हादरले असते. जावईबापूंनी डबीचे झाकण व्यवस्थित लावले आणि शीळ घालत ते निघून गेले.

काचताई परत आल्या. झाकण लागलेले बघून त्यांना वाटले, दादांनी लावले. दादांना वाटले, ताईंनी लावले. वायू भरला गेला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. आत प्रकाश सोडणारा लेझर सुरू झाला. मीटरचा आकडा शून्यावर बसला तो हलेना. कागदावर ठिपका उमटेना. काचताईंनी प्रकाश वळवणारे आरसे फिरवले, दादांनी दाब तपासला. पाहुण्यांपैकी एकाने घड्याळ बघितले. मोठ्या साहेबांनी हसण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला.

"काचेतच दोष असावा," जावईबापू म्हणाले. तेव्हा त्यांना खरोखरच तसे वाटत होते, म्हणून त्या वाक्याबद्दल मी त्यांना माफ करते. पुढचे करणार नाही.

पाहुणे गेल्यावर साहेब काचताईंकडे वळले. "तुमच्या या पोकळ धंद्याला मी खूप दिवस सांभाळून घेतलं. आता पुरे. मनोरा बंद करू. सोमवारी तो उतरवायला माणसं येतील. तिथे भरीव फायबरचं यंत्र बसेल, जावईबापू बघतील. तुम्ही वेष्टनाच्या विभागात जा."

वेष्टनाच्या विभागात तयार फायबरवर प्लास्टिकचे कवच चढवतात. ते काम वाईट नाही. पण ज्या बाईने काचेला श्वास घ्यायला शिकवले, तिला तिथे धाडायचे! आणि मनोरा एकदा उतरवला की माझ्यासारखी दुसरी कोणी कधीच जन्मणार नव्हती. काचताईंनी डबी उघडली, माझे टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"ही ओली आहे," त्या म्हणाल्या. "आत स्पिरिट गेलंय. कुणी पुसलं हिला?"

खोलीत सगळे होते. साहेब, दादा आणि जावईबापू. जावईबापूंचा हात आपोआप खिशाकडे गेला आणि परत आला. त्यांचे कान लाल झाले. त्यांना त्या क्षणी सगळे कळले, मी बघत होते. आणि ते मूग गिळून बसले.

"ही खोली कुणाची?" साहेब म्हणाले. "तुमची. मग दोष दुसऱ्या कुणाचा कसा असेल? तुम्हीच पुसलं असेल घाईत. निष्काळजीपणा, दुसरं काय! माझं ठरलंय."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच! संन्याशीण तिथे उभी, चोर तिथे उभा, न्यायाधीश त्याचा सासरा, आणि एकमेव साक्षीदार मी, ती मुकी. तुम्हाला कधी दुसऱ्याच्या चुकीसाठी बोलणी बसली असतील, तर माझ्या अंगाचा किती तिळपापड झाला असेल ते तुम्हीच जाणा.

काचताई मात्र चिडत बसल्या नाहीत. एकच उपाय होता आणि तो माझ्यासाठी बरा नव्हता. ओला भाग तोडून टाकायचा. किती आत ओल आहे ते बाहेरून कळत नाही, म्हणून थोडे थोडे तोडत जायचे. हिऱ्याच्या पात्याने बारीकसा ओरखडा, मग हलका ताण, की तुकडा वेगळा. तोडायचे, बघायचे. ओले. पुन्हा तोडायचे, बघायचे. ओलेच. माझी लांबी कमी झाली की प्रकाशही कमी होणार, हे त्यांना माहीत होते. दर वेळी पाते टेकवण्याआधी त्या क्षणभर थांबत.

"ताई, आणखी किती?" दादांनी न राहवून विचारले.

"कोरडी लागेपर्यंत."

"आणि तोवर ही संपली तर?"

"तर सोमवारी माणसं येतीलच की," काचताई म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा पाते टेकवले.

दुपारी फोन वाजला. आईच्या कानावर सगळे गेले होते. "तुला कुणी पुसलं का गं, काय झालं म्हणून?" आई म्हणत होती. काचताई म्हणाल्या, "नाही आई. कुणी नाही." आणि त्यांनी फोन ठेवला. याच खोलीत जावईबापू कोपऱ्यातल्या जागेची मापे घेत होते, उतरवलेल्या मनोऱ्याचे सामान तिथे ठेवायचे होते. त्यांनी मान वर केली नाही. दोन दिवस ते असेच येत-जात राहिले. तोंडाने सगळे बोलत, हवापाण्याचेसुद्धा. ते एक वाक्य तेवढे बोलत नव्हते.

अखेर कोरडी काच लागली. आता मी आखूड झाले होते, म्हणून दादांनी वायूचा दाब थोडा वाढवला, म्हणजे कमी वाटेतही पुरेसे रेणू भेटतील. काचताईंनी लेझर लावला. मी माझ्याकडे होते नव्हते ते सगळे पणाला लावले. आकडा हलला. हलला आणि चढत गेला, पहिल्या दिवसाच्या जवळ जाऊन थांबला. कागदावर ठिपका उमटला. दादांनी जिन्यातूनच साहेबांना हाक मारली.

साहेब आले, जावई मागोमाग. साहेबांनी ठिपका बघितला आणि त्यांची कळी खुलली. "अरे वा! म्हणजे काच चांगलीच होती की! मग झालं तरी काय होतं?"

आता मात्र जावईबापूंना वाचा फुटली. संकट टळले होते ना! ते हसत पुढे आले. "खरं सांगू का? मीच पुसलं होतं. या चिठ्ठीवर काय लिहिलंय बघा, पुसल्याशिवाय हात लावू नये! मी आपला आज्ञाधारक, पुसून टाकलं!"

साहेबांनी चिठ्ठी वाचली आणि ते पोट धरून हसले. "कमाल आहे! जावईबापू, तुमचा हात म्हणजे अगदी सवयीचा गुलाम. ताई, शब्द जरा सरळ वापरत जा हो. चला, या गमतीवर चहा झालाच पाहिजे." त्यांनी चहा मागवला. चहा आलासुद्धा.

"आपला तो बाब्या," दादा भिंतीकडे बघून पुटपुटले.

काचताईंनी कप हातात घेतला नाही. त्यांचा आवाज चढला नाही, पण मला तो शेवटच्या रेणूपर्यंत ऐकू आला.

"साहेब, परवा ही चूक माझी होती. तेव्हा तिचं नाव निष्काळजीपणा होतं आणि मनोरा उतरवायला माणसं ठरली. आज ती यांची निघाली, तर तिचं नाव सवय झालं आणि चहा आला."

साहेबांचे हसू अर्धवट राहिले. काचताई जावयाकडे वळल्या.

"चिठ्ठी मी लिहिली. शब्द माझा चुकला, ते मला मान्य. आत्ता बदलते. पण दोन दिवस गप्प बसा, असं मी कुठल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं?"

जावईबापूंनी कप खाली ठेवला. त्यांचे कान पुन्हा लाल झाले होते, पण या वेळी त्यांनी मान खाली घातली नाही.

"भीती वाटली, ताई," ते म्हणाले. "नवा आहे. घरी-दारी एकच माणूस साहेब. वाटलं, सगळे काय म्हणतील."

"भीती मलाही वाटत होती," काचताई म्हणाल्या. "पण मला गप्प बसून सुटायची सोय नव्हती."

साहेब दाराकडे जाताना, कोणाकडेही न बघता म्हणाले, "सोमवारच्या माणसांना नको म्हणून कळवा. मनोरा चालू राहू द्या." माफीचा शब्द त्यात नव्हता. मी अजून वाट बघते आहे. साहेब निवृत्त होऊन गेले, तरी बघते आहे.

पुढे मी पुष्कळ काम केले. आखूड असूनही केले. कितीतरी रस्त्यांखालचा गळका गॅस माझ्या प्रकाशाने पकडला. मनोऱ्यावर नंतर माझ्याहून लांब, माझ्याहून सरळ अशा नळ्या ओढल्या गेल्या, आणि त्यांतल्या काही तर जावईबापूंनी काचताईंच्या शेजारी उभे राहून ओढल्या. माणूस कामाला चांगला निघाला, हे मला नाइलाजाने सांगावे लागते. नव्या आल्यावर मला डबीतून काढले, गुंडाळले आणि या कपाटात ठेवले. टोकांवर टोप्या घातल्या आहेत, तेवढी काळजी घेतली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. जुने झाले की कपाट येतेच.

तक्रार वेगळी आहे. माझे तोडलेले तुकडे त्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात गेले. त्यांत काही वाईट नव्हते. चांगली, मेहनतीने ओढलेली काच होती ती. त्या दुपारी पुसल्यावर पहिल्याच तासाला कोणी सहज "मी पुसलं" म्हणाले असते, तर स्पिरिट फार आत जाण्याआधी चार बोटे तोडून भागले असते. ते एक वाक्य आले नाही, म्हणून ओल आत आत चढत गेली.

तर मित्रांनो, नाजूक वस्तूंना जपा, ठाऊक नसेल तर हात लावण्याआधी विचारा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मीही सांगते. पण विचारूनही, जपूनही, तुमच्या हातून एखाद्या दिवशी काहीतरी बिघडेलच. तेव्हा लगेच सांगा. बोलणी बसतील, ती खा. कारण तुम्ही जितका वेळ गप्प राहाल, तितका वेळ दुसरे कोणीतरी तुमची चूक अंगावर घेऊन उभे असते.